मीठ बघ जरा

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातले आमचे वामनकाका सबनीस रोज सकाळी दीड लिटर भाज्यांचं सूप करतात आणि त्यातला एक थेंबही स्वतः पीत नाहीत.

सकाळी आठ वाजता ते दुधाची किटली घेऊन जिना उतरतात. दुसऱ्या हातात स्टीलची कटोरी. गल्लीतून चालताना त्यांचं लक्ष रस्त्याकडे नसतं, आवाजांकडे असतं. कुठल्याही खिडकीतून शिंक ऐकू आली की थांबतात आणि मान वर करून विचारतात, "कौन छींका?" मग सुटका नाही. समोरच्या शर्मा आंटी शिंक आली की पदर तोंडात कोंबतात आणि घरातल्यांना खुणेनं गप्प करतात. "चुप! सबनीसजी सुन लेंगे!" एकदा त्यांच्या नातवानं पदर काढून घेतला आणि आंटींना सलग तीन दिवस सूप प्यावं लागलं.

सूप वाईट असतं असं नाही. दुधी, लाल भोपळा, बटाटा, टोमॅटो, आलं, वरून कोथिंबीर. थंडीच्या दिवसांत ती कटोरी हातात धरली की बोटांपासून जीव गरम व्हायला लागतो. त्रास सुपाचा नाही, नंतरच्या तपासणीचा आहे. माणूस पीत असतो आणि काका त्याच्या गळ्याकडे बघत असतात. घोट खाली उतरला की लगेच विचारतात, "मीठ बघ जरा. कसं आहे?"

"अच्छा है, सबनीसजी."

"अच्छा तो मौसम भी है. नमक बताओ."

नमक कमी सांगितलं तर काका दुखावतात, जास्त सांगितलं तर विचारात पडतात आणि बरोबर सांगितलं तर "तुम्हें क्या मालूम" म्हणून पुढे जातात. गल्लीत अजून कोणालाही बरोबर उत्तर सापडलेलं नाही.

त्यांच्या डाव्या मनगटावर एक घड्याळ असतं. काचेच्या आत धुकं आणि धुक्यात सव्वाचार. घड्याळ बंद आहे हे काकांना माहीत आहे, तरी आंघोळ झाली की ते रोज बांधतात. वेळ विचारली तर मनगट वर करून बघतात आणि गंभीरपणे म्हणतात, "माझ्यात सव्वाचार. तुझ्यात?"

मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला आलो त्याला आता चार वर्षं होतील. माझं गाव करेऱ्याच्या बाजूला. वडील शिलाईचं दुकान चालवतात. आमचे पूर्वज कधीतरी फौजेबरोबर दक्षिणेतून आले, एवढंच आम्हाला ठाऊक. मराठी आमच्याकडे देवघरात आणि भांडणात तेवढी उरली होती. बाकी शाळा, बाजार, मैत्री सगळं हिंदीत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, म्हणून मला ग्वाल्हेरला सोडायला वडिलांबरोबर दोन काका आणि एक आत्याही आली होती. एवढी मंडळी बघून सबनीसकाकांनी आधी दारच लावून घेतलं. मग अर्धं उघडून मला एकच प्रश्न विचारला.

"सर्दी होते?"

मी खरं ते सांगितलं. "होते. थंडीत फार होते."

"मग राहा वर," काका म्हणाले. आत्याला वाटलं, किती माया आहे या माणसाला. माया होती, पण काकांना मुख्यतः चाखणारा हवा होता, हे मला पुढे कळलं.

पहिल्या सहामाही परीक्षेच्या तोंडावर मला ताप आला. तीन दिवस काका गुडघे धरत गच्चीचा जिना चढून आले. उशाशी स्टूल ओढून बसायचे, कटोरी माझ्या हातात द्यायचे आणि पहिला घोट गेला रे गेला की सुरू. तिसऱ्या दिवशी मी वैतागून म्हणालो, "काका, आज मीठ जास्त झालंय. कालच्यापेक्षा चिमूटभर जास्त. आणि आलं कमी."

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, गेली खोली.

"तू खरं बोलतोस रे संतोष," ते म्हणाले. "या गल्लीत खरं बोलणारा माणूस मला पाच-सहा महिन्यांत भेटला नव्हता."

तेव्हापासून गल्लीत जायच्या आधी पहिली कटोरी माझ्याकडे येऊ लागली. मी 'ठीक आहे' म्हटलं की चिडायचे. "ठीक हे काय उत्तर झालं? ठीक तू आहेस. सूप कसं आहे?" त्यामुळे मला बेचव, मिळमिळीत, उग्र, तुरट, चरचरीत असे शब्द शिकावे लागले. आज मी जी काही मराठी लिहितो ती त्या कटोरीतून आलेली आहे, आणि हे मी थट्टेनं म्हणत नाही. बी.एससी.चा निकाल लागला तेव्हा वडिलांच्या आधी मी काकांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास. थांब, आज दुधी नवीन आणलाय."

सूप स्वतः का पीत नाहीत, हे मी त्यांना दुसऱ्या वर्षी विचारलं. तोपर्यंत मला वाटत होतं त्यांना भोपळा बाधतो.

"तसं झालं की पिईन," काका म्हणाले.

"कसं?"

तेव्हा त्यांनी मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. भाजी चिरता चिरता सांगितली, त्यामुळे तिचे तुकडे फार झाले. मी ती जोडून लिहितो.

लग्न भडली नवमीला झालं. दक्षिणेकडच्या वाचकांना आषाढातला हा दिवस कदाचित माहीत नसेल. आमच्या इकडे त्या दिवशी मुहूर्त बघावा लागत नाही. त्यानंतर देव झोपतात, म्हणून ज्यांची लग्नं राहिलीत ते सगळे त्या दिवशी उरकून घेतात. पाऊसही बहुधा तोच दिवस धरतो. खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या एका धर्मशाळेच्या चौकात मांडव होता. अक्षता पडल्या आणि पाठोपाठ आभाळ पडलं. मांडवाचं कापड पोटात पाणी धरून खाली आलं, आचाऱ्याची भट्टी विझली, कणकेची पाटी वाहत वाहत दारापर्यंत गेली. दोनशे माणसं ओसरीवर दाटीवाटीनं कुडकुडत उभी. कोरडा राहिला फक्त धर्मशाळेच्या रखवालदाराचा स्टो.

नवरी, म्हणजे सुमतीकाकू, गृहविज्ञान शिकलेल्या होत्या. त्यांनी शालू खोचला. पंगतीसाठी चिरलेल्या सगळ्या भाज्या पाण्यातून गोळा करून धुतल्या आणि एका पातेल्यात उकळायला ठेवल्या. म्हाताऱ्या बायका विचारायला लागल्या, हे काय सार आहे का कढण? काकू म्हणाल्या, सूप. पाच पाच घोट करत सगळ्यांना पुरलं. लग्नाला आलेली माणसं पुढे कितीतरी वर्षं त्या सुपाचीच गोष्ट सांगत होती.

"आणि तुम्हाला कसं लागलं?" मी विचारलं.

काका दुधीची साल काढत होते. ती पूर्ण काढून बाजूला ठेवली.

"मी रुसलो होतो," ते म्हणाले.

आमच्याकडे जेवणाच्या आधी नवरदेवानं रुसायची पद्धत होती. सासऱ्यानं काहीतरी कबूल करायचं, मग नवरदेवानं हसायचं आणि घास घ्यायचा. काकांच्या चुलत्यानं त्यांना बजावून ठेवलं होतं, "घड्याळ हातात पडल्याशिवाय तोंड उघडशील तर याद राख." सासऱ्यांनी घड्याळ आणलेलंही होतं, पण ते घेऊन येणारा मामा फूलबागेजवळ कमरेएवढ्या पाण्यात अडकला होता. त्यामुळे काका पाटावर रुसून बसलेले. तेवढ्यात सुमतीकाकू स्वतः वाटी घेऊन आल्या. केसांतून पाणी गळतंय, हातात वाफ निघणारी वाटी.

"चुलते बघत होते," काका म्हणाले. "मी वाटी सरकवली. बाजूला. अशी." त्यांनी दुधीची फोड बोटानं सरकवून दाखवली. "घड्याळ तासाभरानं आलं. आत पाणी गेलेलं. सव्वाचारला बंद. म्हणजे हे तिकडे पाण्यात बुडत होतं तेव्हा ती वाटी माझ्यासमोर होती. तोवर पातेलं खरडून साफ."

"मग नंतर करायला सांगायचं ना काकूंना."

"सांगितलं नसेल का? दर भडली नवमीला सांगायचो. ती हसायची. म्हणायची, आता रुसायची पाळी माझी. सगळं करायची रे ती, पुरणपोळी, गुळाच्या पोळ्या, काय वाटेल ते. हे नाही. शेवटी एकदा कबूल झाली. म्हणाली, पन्नासाव्या वर्षी करून देईन, धीर धरा."

सुमतीकाकू लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेल्या. मी आलो त्याच्या आदल्या वर्षी.

तर काकांचा बेत असा होता. पन्नासाव्या भडली नवमीच्या आत ते सूप जसंच्या तसं जमवायचं आणि त्या दिवशी प्यायचं. अडचण एकच होती, की ज्या चवीपर्यंत पोचायचं ती त्यांनी कधी घेतलीच नव्हती. म्हणून ते साक्षीदार शोधत होते. लग्नाला हजर असलेली माणसं शहरात पाचच उरली होती. काका किटली घेऊन त्यांच्या घरी जात. पुष्कळदा मीही बरोबर असे.

पाचांनी पाच सुपं सांगितली. एकानं सांगितलं, त्यात कोबी होता. काका तिथंच कडाडले, "आषाढात कोबी? पन्नास वर्षांपूर्वी? काय स्वर्गातून आणला होता?" लग्न लावणारे गुरुजी आता नव्वदीला आलेत. ते म्हणाले, तूप होतं, भरपूर तूप होतं. त्यांच्या सुनेनं मागून खूण केली, की यांना सगळ्यातच तूप आठवतं.

एका गोष्टीवर मात्र पाचही जण ठाम होते. सूप अळणी होतं. मिठाचा कण नव्हता.

हे काकांना सहन होत नसे. "ती मीठ विसरणारी बाई नव्हती," ते घरी येताना पुटपुटत. "यांना साखरेचा आजार, त्यांना बीपी, यांच्या जिभा मेल्यात. अळणी म्हणे!" आणि घरी येऊन पुन्हा मिठाचा डबा उघडत. माणूस सगळं मान्य करायला तयार होता. दुधी असो, कद्दू असो, नाहीतर तोंडली असोत. फक्त सुमतीकडून काही राहिलं, हे मान्य करायला तयार नव्हता.

यंदा पन्नास पूर्ण झाली. मी आता एका खासगी शाळेत विज्ञान शिकवतो, पण खोली सोडलेली नाही. भडली नवमीच्या आदल्या दिवशी कुंदामावशी आल्या. सुमतीकाकूंची धाकटी बहीण. लग्नात आठ वर्षांच्या होत्या. एरवी रायपूरला असतात. काका त्यांना फोनवर सुपाचं विचारत नसत. "चव काय फोनवर पाजता येते?" म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. ही शेवटची साक्षीदार होती. तीही अळणी म्हणाली असती तर पुढे विचारायला कोणी उरलं नसतं.

नवमीला काका पहाटेच उठले. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, घड्याळ बांधलं. सुट्टी होती म्हणून मी खाली गेलो, तर स्वयंपाकघरात मला ओट्यापासून दोन हात लांब उभं केलं. पाऊस होताच. गल्लीत शर्मा आंटींकडे कोणीतरी दणदणीत शिंकलं, पण काकांनी मानही वळवली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

कटोरी मावशींसमोर ठेवली. मावशींनी फुंकर मारून एक घोट घेतला. मग दुसरा.

"मीठ बघ जरा, कुंदा," काका म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"छान झालंय भावोजी. मस्त. पण हे ते नाही."

"का?"

"ते अळणी होतं ना."

काका खुर्चीत बसले. माझ्याकडे बघितलं, जणू मी तरी काहीतरी बोलेन. मावशी मात्र कटोरी फिरवत बसल्या होत्या. मग एकाएकी हसल्या.

"विसरली नव्हती हो ती मीठ. मीठ नव्हतंच. पोतं चौकात होतं, सगळं विरघळून गेलं. उचललं तर नुसतं ओलं पोतं. सगळ्यांना अळणीच वाढलं. पण तुमच्या वाटीत मीठ होतं."

"माझ्या?"

"ताईनं मला शपथ घातली होती. पण आता पन्नास वर्षं झाली, आता मला कोण ओरडणार? तुमची दृष्ट काढायला आईनं ताटलीत मीठ-मोहऱ्या काढून ठेवल्या होत्या. देवापाशी, कोनाड्यात. तुम्ही रुसलात म्हणून दृष्ट राहिली होती. ताई तिथं गेली आणि मिठाचे खडे वेचायला लागली. एक एक. बोटं ओली, त्यामुळे मोहऱ्याही चिकटून येत होत्या. अंधारून आलं होतं, मी कंदील धरला होता ना! म्हणाली, कोणाला सांगू नकोस कुंदे, दृष्टीचं मीठ जावयाला घातलं म्हणून बायका बोलतील."

बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं तेवढाच आवाज.

"आणि ती वाटी?" त्यांनी विचारलं. "मी सरकवली ती?"

"मी प्यायले. ताईनं आत आणली आणि माझ्या हातात दिली. गार होतंय, पी म्हणाली. मोहऱ्या दाताखाली येत होत्या, अजून आठवतंय मला."

"रडली का गं ती?"

"रडली? छे! हसली. म्हणाली, रुसू दे. उद्यापर्यंत उपाशी राहिला की आपोआप रुसवा जाईल."

"गेला," काका म्हणाले. "पहाटे शिळी पुरी मागून खाल्ली होती मी."

मावशी खो खो हसल्या. काकाही हसले, पण त्यांचं हसू मध्येच कुठेतरी अडकलं आणि ते उठले. ओट्यावर भाज्या शिल्लक होत्या. पातेलं पुन्हा चढवलं. या वेळी मिठाच्या डब्याला हात लावला नाही. सूप उकळेपर्यंत त्यांनी एका ताटलीत खड्याचं मीठ घेतलं, फोडणीच्या डब्यातून मूठभर मोहऱ्या त्यावर टाकल्या आणि बोटांनी कालवल्या. मग नळाखाली बोटं ओली केली.

"काका, मी वेचून देऊ?" मी म्हणालो. त्यांचे डोळे अधू झालेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच वर्षी झालंय.

"तू कंदील धर," काका म्हणाले.

कंदील नव्हता. मी मोबाइलचा उजेड धरला. काका वाकून खडे वेचत राहिले. मोहऱ्या बोटांना चिकटत होत्या आणि त्यांनी त्या झटकल्या नाहीत. पुष्कळ वेळ लागला.

सूप वाटीत ओतलं, त्यात ते मीठ ढवळलं आणि काका वाटी घेऊन देवघराजवळच्या पाटावर जाऊन बसले. मी चार वर्षं त्यांना दुसऱ्यांच्या गळ्याकडे बघताना पाहिलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. त्यांनी वाटी संपवली. मध्ये एकदाही खाली ठेवली नाही.

"मीठ कसं आहे, काका?" न राहवून मी विचारलं.

ते गाल एका बाजूला ओढून जिभेनं काहीतरी चाचपत होते. काकांना खाली कवळी आहे.

"मोहरी अडकली वाटतं," मावशी म्हणाल्या. "कवळी काढा भावोजी, धुऊन आणते. टोचत राहील दिवसभर."

काकांनी तोंडावर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "राहू दे गं."